उठणे: मराठी ख्रिस्ती साहित्यातला मेलेला माणूस

तिसरा दिवस म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अग्नी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी घरची माणसं सावडायला जातात. राख निवलेली असते. तिच्यावर पाणी शिंपडायचं, अस्थी वेचायच्या, मडक्यात भरायच्या, तोंडाला फडकं बांधायचं. आमच्या हिमायतनगरच्या भागात ते मडकं पैनगंगेला जातं किंवा नांदेडला गोदावरीवर. माणूस गेला यावर घराचा खरा विश्वास बसतो तो याच दिवशी. चिता पेटताना सगळं धुरात असतं. तिसऱ्या दिवशी मात्र हाताला हाड लागतं.

शुभवर्तमानातल्या बायकाही तिसऱ्या दिवशीच पहाटे निघतात. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईत उरकलेला विधी त्यांना पुरा करायचा असतो. हातात सुगंधी द्रव्यं असतात आणि कबरीच्या तोंडावरची धोंड कोण लोटून देईल याची काळजी असते. काम आपल्या ओळखीचं आहे. फरक इतकाच की आपल्याकडे सावडायला बहुधा पुरुष जातात, तिथे बायका गेल्या. आणि तिथे गेल्यावर सावडायला काही सापडलंच नाही. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुन्या हस्तलिखितांत इथेच थांबतं. त्या बायका आनंदाने नाचत नाहीत. त्या घाबरतात, पळत सुटतात आणि कोणाला काही सांगत नाहीत.

ही गोष्ट मराठीत सांगितली जाऊ लागली त्याला चारशे वर्षं उलटून गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक आले, पंडिता रमाबाई आल्या, लक्ष्मीबाई टिळक आल्या. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२० साली आमच्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या उस्मानाबादला, ते अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्या निवडीला काही संघटनांनी विरोधही केला. या परंपरेविषयी आपण बरंच बोलतो. पण ती ज्याच्याविषयी बोलते, त्याविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही.

‘ख्रिस्तपुराण’ म्हटलं की मराठीची स्तुती करणाऱ्या ओव्या आठवतात. टिळक म्हटलं की ‘फुलामुलांचे कवी’. रमाबाई समाजसुधारक. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं सर्वांत खेळकर आत्मचरित्र. हे सगळं खरंच आहे. पण या चौघांच्या लिहिण्याच्या मुळाशी एक दावा आहे: देवाची सत्ता मरणावरही चालते आणि ती एका माणसाच्या बाबतीत चाललेली लोकांनी पाहिली आहे. हा दावा आपण सभ्यपणे बाजूला ठेवतो, नाही तर धर्मांतराच्या संशयाने त्याच्याकडे पाहतो. दोन्ही वेळा मजकूर वाचायचा राहून जातो. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने साफ सांगून टाकलं होतं की ख्रिस्त उठला नसेल तर आपलं सगळं सांगणं फोल आहे. ज्याचा तो मानो वा न मानो. पण अद्वैत वगळून ज्ञानेश्वरी वाचता येत नाही, तसं पुनरुत्थान वगळून हे साहित्य वाचता येत नाही.

म्हणून या चौघांना मला एकच प्रश्न विचारायचा आहे. मेलेला माणूस उठला, हे तुम्ही मराठीत कसं म्हणालात? आणि म्हणताना त्या मेलेल्या देहाचं काय केलंत?

* * *

हा प्रश्न मराठीत अवघड आहे. मरणापलीकडची जागा इथे मोकळी नव्हती, आधीच गजबजलेली होती.

मेलेला परत जिवंत होणं आपल्याला नवं नाही. नेवाशाला सच्चिदानंदांचं प्रेत घेऊन जाताना त्यांच्या पत्नीने ज्ञानेश्वरांना नमस्कार केला, तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद निघून गेला आणि तो खरा करण्यासाठी सच्चिदानंद उठून बसले, अशी कथा आहे. हेच सच्चिदानंदबाबा पुढे ज्ञानेश्वरीचे लेखक, म्हणजे लिहून घेणारे झाले. वटपौर्णिमेला ज्याच्या नावाने वडाला दोरा गुंडाळतात तो सत्यवानही असाच परत आलेला. पण ही मुदतवाढ आहे. सत्यवानाला पुन्हा मरायचंच होतं. या हिशेबाने चार दिवस कबरीत राहून बाहेर आलेला लाजरसही सच्चिदानंदांच्याच रांगेत बसतो.

मरण चुकवून निघून जाणंही आपल्याला ठाऊक आहे. तुकोबांचं सदेह वैकुंठगमन, ज्ञानेश्वरांची १२९६ सालची संजीवन समाधी. सत्ताधाऱ्यांनी कितीही छळ केला तरी चक्रधरस्वामी मेले नाहीत, ते उत्तरापंथे गेले, अशी महानुभावांची श्रद्धा आहे, आणि त्या पंथाचं मोठं क्षेत्र असलेलं माहूर आमच्याच नांदेड जिल्ह्यात आहे. देवाचं मरणही पुराणाला माहीत आहे. पारध्याचा बाण पायाला लागून कृष्ण जातो, पण जातो तो निजधामाला. आणि या सगळ्याच्या खाली, न बोलता गृहीत धरलेला पुनर्जन्म असतोच. देह बदलतो, जीव तोच.

पुनरुत्थान यांपैकी काहीच नाही. तोच माणूस, तोच देह, खिळ्यांच्या जखमांसकट, आणि आता पुन्हा मरण नाही. थोमाला तो जखमेत बोट घालून पाहायला सांगतो. शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. माझ्या व्यवसायात बंद पडलेला सर्व्हर आम्ही साठवून ठेवलेल्या प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर उभा करतो आणि काम सुरू झालं की कोणी तक्रार करत नाही. पुनर्जन्माची कल्पना त्या जातीची आहे. जुनं यंत्र कुठे गेलं हे तिथे कोणी विचारत नाही. पुनरुत्थान नेमकं त्या जुन्या यंत्राबद्दल बोलतं.

मराठीने या अर्थासाठी घडवलेला ‘पुनरुत्थान’ हा शब्द कानाला ‘पुनर्जन्मा’चा सख्खा भाऊ वाटतो आणि वर्तमानपत्रात राष्ट्राचं नाही तर पक्षाचं पुनरुत्थान होत असतं. घरातला शब्द आहे ‘उठणे’. त्याच्या तऱ्हा पुष्कळ. झोपेतून उठणं, पंगत उठणं, बाजार उठणं, माणसातून उठणं, कोणाच्या जिवावर उठणं. ख्रिस्ती मराठीत मरणासाठी दोन प्रकारची भाषा चालते. एक ‘ख्रिस्तवासी झाले’. ती कैलासवासी आणि वैकुंठवासी यांच्या साच्यात ओतलेली आहे. तिच्यात माणूस मुक्कामाला पोचला, विषय संपला. दुसरी ‘प्रभूमध्ये झोपी गेले’. तिच्यात विषय संपत नाही, कारण जो झोपला त्याला उठायचं असतं. मराठी ख्रिस्ती साहित्य या दोन भाषांच्या मध्ये हिंदकळत राहिलं आहे.

* * *

स्टीफन्स इंग्लंडातल्या विल्टशरचा. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्याला उतरला आणि १६१९ साली तिथेच वारला. आयुष्याची चाळीस वर्षं त्याने प्रामुख्याने सासष्टीत काढली. त्याच्या ग्रंथात एक प्रसंग येतो. तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्हाला वाचायला नवी का देत नाही, असं एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो. ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या प्रश्नाचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं उत्तर आहे. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूच्या चरित्राचं. मूळ छापील प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत काढलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला.

स्टीफन्सने शब्द इथलेच उचलले. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. सुरुवातीच्या नमनातच देवबाप सर्वसमर्थ आहे, परमेश्वर आहे. हा शब्द हिमायतनगरच्या वाचकाला जरा वेगळा लागतो. आमच्या गावाचं जुनं नाव वाढोणा आणि इथल्या ग्रामदैवताचं नावच परमेश्वर. त्याचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. इतरांसाठी ‘परमेश्वर’ ही कल्पना असेल. इथे तिला पत्ता आहे. सतराव्या शतकातल्या सासष्टीच्या माणसाच्या कानी वैकुंठ हा शब्दही असाच पत्त्यासकट पडला असणार. त्याला वाट ओळखीची वाटली असेल. पण ओळखीच्या वाटेने गेलं की माणूस ओळखीच्याच ठिकाणी पोचतो. पुराणात मेलेले उठतात, देव खाली येतात, वर जातात. ओवीच्या त्याच संथ चालीत येशूही उठला तर श्रोता मान डोलावतो. मार्कच्या बायका घाबरून पळाल्या. पुराण ऐकणारा पळत नाही. स्टीफन्सला मराठीत जे मोठं यश मिळालं, त्याची किंमत मला इथे दिसते: गोष्ट रुजली, धक्का विरघळला.

दुसरी अडचण त्या ‘सर्वसमर्थ’ शब्दाची आहे. सासष्टीत या शब्दाच्या मागे पोर्तुगीजांचं सामर्थ्य उभं होतं. देवळं पाडली गेली होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलं होतं. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं आणि पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळणाच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. अशा प्रदेशात मरणावर सत्ता कोणाची, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहत नाही. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, ज्याच्या उठण्याची ही कथा आहे त्यालाही राज्यकर्त्यांनीच मारलं होतं. रोमन सुभेदाराने शिक्षा दिली, सैनिकांनी कबरीवर पहारा बसवला आणि तरी निकाल उलटला, असं ती कथा सांगते. म्हणजे पुनरुत्थान हा सत्तेच्या विरुद्ध गेलेला निकाल आहे. तो सत्तेच्याच छापखान्यातून निघाला की त्याची धार कुठल्या बाजूला राहते? स्टीफन्सची भाषेवरची माया खरी आहे आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली सत्ताही खरी आहे. एकीसाठी दुसरी विसरायची गरज नाही.

* * *

टिळकांच्या मागे तसं राज्य नव्हतं. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गमावण्यासारखं सगळं त्यांनी गमावलं. घर, जात, काही वर्षं बायकोसुद्धा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तो पूल त्यांच्या अभंगांत जागोजाग दिसतो. त्यांचा ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे, सखा आहे. हाक मारली की ओ देतो.

हे अभंग अजूनही चर्चमध्ये गायले जातात, मराठवाड्यातही, आणि गाताना ते पाहुणे वाटत नाहीत. हे लहान काम नव्हे. पण वाचताना मला एक उणीव जाणवते. विठ्ठल मरत नाही. भक्तीच्या कवितेत विरह असतो, रुसवा असतो, देव दिसेनासा होतो. पण देवाचं प्रेत नसतं. म्हणून त्या भाषेत ख्रिस्त आणला की तो सतत हजर असतो. शुक्रवार आणि रविवार यांच्या मधला जो मुका शनिवार आहे, त्याला जागा उरत नाही. ख्रिस्त उठला आहे याचा अर्थ ‘तो माझ्या हृदयात आहे’ इतका होतो, आणि हृदयात राहायला कोणाला कबरीतून बाहेर यावं लागत नाही.

टिळकांना मरण दिसत नव्हतं असं मात्र नाही. ‘केवढे हे क्रौर्य!’ शाळेत आपण सगळ्यांनी वाचली आहे. जखमी पक्षीण कशीबशी घरट्यापर्यंत पोचते आणि पिलांसमोर मरते. त्या कवितेत सांत्वन नाही, परलोक नाही. एक लहानसा देह आहे आणि त्याच्या जाण्याने मागे पडलेली पिलं आहेत. मरणाचं वजन टिळकांनी तिथे जसं पेललं आहे, तसं त्यांच्या भक्तिपर रचनांत मला क्वचितच सापडतं. एकाच कवीचे दोन हात एकमेकांना भेटायचे राहिले.

ते कदाचित ‘ख्रिस्तायना’त भेटले असते. येशूच्या जीवनावरचं हे महाकाव्य टिळकांनी हाती घेतलं, सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहिले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. वधस्तंभ आणि रिकामी कबर त्यांच्या हातून लिहून व्हायची होती. ती झालीच नाही.

* * *

रमाबाईंनी अगदी उलट दिशा धरली. इथले शब्द मुरलेले आहेत, त्यांच्यासोबत त्यांचे अर्थही येतात, हे एका पुराणिकाच्या मुलीइतकं कोणाला कळणार? त्या लहानपणापासून आईवडिलांबरोबर गावोगाव पुराणं सांगत फिरल्या होत्या. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. पुढे भाऊ गेला, दोन वर्षांच्या आत नवरा गेला. एवढी मरणं पाहिलेल्या बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं. हेतू एकच, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला ते वाचता यावं. संस्कृतचं पांडित्य असूनही त्यांनी संस्कृताळलेले, हिंदू तत्त्वज्ञानाचा रंग लागलेले शब्द जाणून टाळले.

या भाषांतराला रुक्ष म्हटलं जातं, आणि ते आहेही. त्यात ओवीची चाल नाही, अभंगाचा ओलावा नाही. पण मला वाटतं, पुनरुत्थानाच्या बाबतीत हा रुक्षपणाच उपयोगी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मरिया बागेत उभ्या असलेल्या येशूला माळी समजते आणि प्रेत कुठे ठेवलंस ते सांग, मी घेऊन जाते, म्हणते. लाजरसाच्या कबरीशी त्याची बहीण मार्था सांगते की आता घाण येत असेल, चार दिवस झालेत. याईराच्या मुलीला उठवल्यावर येशू काय म्हणतो? तिला काहीतरी खायला द्या. ही वाक्यं पुराणाच्या सुरात म्हटली की खोटी वाटतात. ती चुलीपुढच्या भाषेतच म्हणावी लागतात. प्रेताला घाण येते आणि उठलेल्या पोरीला भूक लागते, हे ज्या भाषेत सरळ सांगता येतं तीच भाषा या दाव्याला पेलते. मग वाचणारी बाई म्हणेल, हे कसं शक्य आहे? असं म्हणणं हाच या गोष्टीचा पहिला खरा श्रोता होणं आहे.

एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत रमाबाईंच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतराचं काम तोवर पुरं होत आलं होतं, आणि १९२४ साली मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून ते बायबल बाहेर पडलं. त्या शेवटच्या महिन्यांत, मुलगी गेल्यानंतर, पुनरुत्थानाचे अध्याय तपासताना त्यांच्या मनात काय होतं हे त्या पानांवर कुठेच दिसत नाही. भाषांतरकाराने मधे यायचं नसतं, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

* * *

आता लक्ष्मीबाई. त्यांना ना पुराण रचायचं होतं, ना बायबल भाषांतरायचं. शिक्षण यथातथाच. टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आली.

या पुस्तकात पुनरुत्थानावर प्रवचन नाही. मरणं मात्र पुष्कळ आहेत. लहानपणीच गेलेली मुलं आहेत, प्लेगचे दिवस आहेत, टिळकांचं शेवटचं आजारपण आहे. लक्ष्मीबाई कुठल्याच मरणाला सुंदर करत नाहीत. लगेच देवाची योजनाही सांगत नाहीत. त्या रडतात, चिडतात आणि थोड्या वेळाने कोणाच्या जेवणाची सोय करायची याच्या मागे लागतात. वरवर पाहता हे ख्रिस्ती लेखन म्हणून फिकं वाटेल. मला ते सर्वांत खरं वाटतं. पुनरुत्थानावर विश्वास असणं म्हणजे मरण किरकोळ मानणं, असा एक समज आहे. लाजरसाच्या कबरीशी येशू स्वतः रडला होता, थोड्याच वेळात त्याला उठवणार असूनही. लक्ष्मीबाईंचं गद्य त्या रडण्याच्या जवळचं आहे.

आणि ‘ख्रिस्तायना’चं काय झालं? टिळकांनी जिथे सोडलं तिथून लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. ज्या बाईच्या लिहिण्यावाचण्याची थट्टा स्वतः तिनेच पुस्तकभर केली आहे, तिने मेलेल्या नवऱ्याचं महाकाव्य त्याच्या सहापट वाढवलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या घटनेला एखादं वाक्य मिळतं, पतिनिष्ठेचं उदाहरण म्हणून. पण वाक्य अर्धं सोडून माणूस गेला तरी ते वाक्य संपलं असं मानायचं नाही, ही त्या घरातली रीतच दिसते. ‘स्मृतिचित्रे’ही लक्ष्मीबाईंच्या जाण्याने अपुरी राहिली आणि मुलाने, देवदत्ताने, तिला शेवट जोडला. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ असमान आहे. टिळकांची शब्दकळा आणि लक्ष्मीबाईंची सपाट, घरगुती चाल यांचा जोड सहज दिसतो. मला तो जोड लपवावासा वाटत नाही. जखमांसकट उठलेल्या देहाच्या काव्यावर शिवण दिसली तर बिघडलं कुठे?

* * *

इथपर्यंत चारही नावं उच्चवर्णीयांची किंवा परदेशी पाद्रीची आली. मराठवाड्यातून पाहताना मात्र दुसरा एक वाचक दिसतो. १८४३ साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ काम करू लागले. तिथे त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग आणि महार. टिळक-रमाबाईंसारखं त्यांनी लिहून ठेवलं नाही. पण पुनरुत्थान ही कल्पना कोणाच्या कानात कशी वाजेल, याचा विचार त्यांना वगळून करता येत नाही.

ज्या देहाला गावाने विहिरीपासून, देवळापासून, कधी सावलीपासूनही दूर ठेवलं, त्या देहाविषयी जुनी शिकवण सांगत होती की हे मागच्या जन्माचं फळ आहे. पुढच्या जन्मी बरा देह मिळेल. म्हणजे हा देह टाकाऊ. पुनरुत्थान नेमकं याच जागी बोट ठेवतं: दुसरा नाही, हाच देह. ज्याला मारलं, ज्याची विटंबना केली, तोच देह देवाने राखला आणि त्यावरचे वळही पुसले नाहीत. भक्तीच्या भाषेत ख्रिस्त हृदयात राहायला गेला तेव्हा गळून पडला तो हा अर्थ. हृदयाला जात नसते, देहाला असते. जात माणसांनी केली हे उमगल्यावर लक्ष्मीबाईंनी कोणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. सबंध परंपरेत देहाच्या भाषेत दिलेलं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरं सापडत नाही.

याच्यावरचा आक्षेपही मराठवाड्यातच उभा आहे आणि तो भक्कम आहे. १९५६ साली डॉ. आंबेडकरांबरोबर धम्मात गेलेल्यांनी श्राद्ध नाकारलं, पिंडदान नाकारलं, मरणानंतरच्या सगळ्या हिशेबाची वहीच बंद केली. न्याय मिळायचा तो इथे, जिवंतपणी. त्या बाजूने पाहिलं तर ‘शेवटच्या दिवशी उठाल’ हे आश्वासन म्हणजे आणखी एक उधारी. चर्चनेही त्या उधारीवर पुष्कळदा व्यवहार केला आहे. वर पुन्हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत, शीख आणि बौद्ध दलितांना मात्र पुढे त्या यादीत घेतलं गेलं. देवाघरी हा देह मोलाचा आणि सरकारदरबारी त्याची जात नाही. गावात मात्र सगळ्यांना ती ठाऊक. आक्षेप इतका जिवंत असताना ख्रिस्ती साहित्याने ‘हृदयातला ख्रिस्त’ गात राहणं पुरेसं नाही. उठलेला देह या गावात कुठे उभा राहतो, कोणाच्या पंगतीला बसतो, हे त्याला सांगावं लागेल. पुनरुत्थानाला उधारी होऊ द्यायचं नसेल तर ते आजच्या पंगतीत दिसायला हवं. समुद्रकाठी निखारे पेटवून शिष्यांना न्याहारीला बोलावणारा उठलेला येशू योहानाने रंगवला आहे, तो याचसाठी असावा.

मरणावर खरोखर कोणाची सत्ता चालते का, हे समीक्षेने ठरवायचं नाही. पण चारशे वर्षं एक भाषा या प्रश्नाशी झोंबत आली आणि आपण तिच्या फक्त अलंकारांचं कौतुक केलं, एवढं तरी समीक्षेने मान्य करावं. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात ‘ख्रिस्तपुराणा’तला मराठीच्या स्तुतीचा उतारा आहे, तो राहू द्या. त्याच्या शेजारी लाजरसाचा आणि रिकाम्या कबरीचा भाग ठेवा, तोच प्रसंग रमाबाईंच्या गद्यात आणि ‘ख्रिस्तायना’त ठेवा, आणि मुलांना नेवाशाच्या सच्चिदानंदबाबांची कथा सांगून विचारा की या उठण्यांत फरक काय आहे. वर्गात सावडायला जाऊन आलेली मुलं असतील, कबरीवर माती लोटून आलेली असतील, बुद्धवंदना म्हणून आपल्या माणसाला निरोप दिलेलीही असतील. त्यांची उत्तरं सारखी येणार नाहीत.